काजळवेलीला बांधलेली नाव

तुळसाबाईच्या टोळीची पात, म्हणजे निंदणाऱ्या बायकांची ओळ, सरळ चालते, हे जऊळक्याच्या शिवारात सगळ्यांना ठाऊक होतं. निंदायला बसलेल्या बायकांमध्ये एरवी असं होतं, की चपळ हाताची बाई पुढे निघून जाते, म्हातारी मागे राहते आणि शेताच्या धुऱ्यावर उभा असलेला मालक मागचीला बोल लावतो. तुळसाबाईच्या अकराजणींमध्ये कोणी पुढे जात नसे, कोणी मागे राहत नसे. मालक लोकांना वाटायचं, बाईचा वचक आहे. वचक कसला! ती मधल्या तासात, म्हणजे पिकाच्या मधल्या ओळीत, बसून गोष्ट सांगायची. पुढे गेलं तर ऐकू येत नाही आणि मागे राहिलं तरी ऐकू येत नाही. सगळ्यात चपळ लिलाबाई. ती शेजारच्या म्हातारीच्या तासातलं गवत स्वतःच उपटून तिला बरोबरीला आणायची आणि वर म्हणायची, "चाल व माय लवकर, तिकडं राक्षसीण दारात आली, तू कुठं राह्यली?"

या गोष्टी तुळसाबाईला आजीकडून मिळालेल्या नव्हत्या. त्या तिला ग्रंथालयातून मिळाल्या, आणि त्याही चुकून.

ती शिरपूरकडची. सातवीपर्यंत शिकलेली, एकोणिसाव्या वर्षी जऊळक्यात आली. तीन एकर शेत, नवरा देवमन, चार शेळ्या. आठ वर्षांपूर्वी त्यातली एक गाभण शेळी पोट फुगून मेली. शेळी तुळसाबाईनं चरायला सोडली होती, त्यामुळे देवमन तिच्याशी बोलेना. आठवडा झाला तरी बोलेना. तेव्हा ती ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत गेली. तिथे नानाजी रोज चार ते सात ग्रंथालय उघडून बसत. नानाजी आधी पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर पत्रांऐवजी पुस्तकं वाटायची, एवढाच काय तो फरक.

"नानाजी, शेळीच्या रोगाचं पुस्तक हाय काय?"

नानाजींच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, डोळ्यांजवळ नेलं. वरच्या चित्रात शेळी होती. "हे घे," ते म्हणाले.

पुस्तकाचं नाव होतं 'चंद्र चरणारी शेळी'. ती कादंबरी होती. पहिल्या पानावर शिसपेन्सिलीनं, बारीक नीटस अक्षरात लिहिलं होतं : 'घरात कोणी बोलत नसेल तेव्हा वाचावे.' खाली नाव, रीता.

तुळसाबाई ते वाक्य बराच वेळ पाहत राहिली. मग चुलीपुढे बसून, बोट ओळीवर ठेवून, तिनं पहिलं पान वाचलं.

चौथ्या दिवशी देवमननं तोंड उघडलं. "काय लिवलं हाय शेळीच्या रोगाचं?"

"ही शेळी चंद्र खाते."

देवमननं थोडा विचार केला. "मंग पोट फुगनच."

आणि इतक्या दिवसांनंतर दोघं पहिल्यांदा हसली.

पुस्तक परत द्यायला गेली तेव्हा तिनं नानाजींना विचारलं, "ही रीताबाई कोण?"

नानाजींनी सांगितलं, रेल्वेतले एक साहेब जऊळका स्टेशनवर होते. बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं, रीताबाईनं, दोन खोकी भरून पुस्तकं ग्रंथालयाला दिली. बहुतेक सगळ्या अद्भुत कादंबऱ्या, आणि सगळ्या बायकांनी लिहिलेल्या. गावात कोणी त्या वाचल्या नाहीत. पण प्रत्येकीच्या पहिल्या पानावर, ती कोणी, कधी वाचावी ते लिहिलेलं. 'पाय दुखत असताना वाचावे.' 'भांडण झाल्यावर, पण त्याच दिवशी नको.' एकीवर नुसतं, 'मला समजले नाही, तुम्हाला समजले तर बरे.'

तीन वर्षांत तुळसाबाईनं दोन्ही खोकी वाचून काढली. तिला या पुस्तकांत एक गोष्ट फार आवडायची. ती लिलाबाईला सांगायची, "हे पाह्य, राजाच्या गोष्टीत राजा उठते आन् चालला लढाईले. याच्यात तसं नाई. याच्यात पोट्टी राक्षसाच्या डोंगरावर निघाली तं पयले शेळी कोणाच्या हवाली केली, थे लिवलं रायते. चुलीवरचं कोणी उतरवलं, थे लिवलं रायते. मंग मले खरं वाटते. राक्षस बी खरा वाटते."

शेतात सांगायला सुरुवात झाली ती अशी. दर पावसाळ्यात एक कादंबरी, रोज थोडी थोडी. टोळीत गावातल्या सहाजणी होत्या आणि पलीकडच्या तांड्यावरच्या पाचजणी. तांड्यावरच्यांमध्ये रूपला होती, तिशीतली, बोलायला फटकळ. दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर आणि मुलगी निताबरोबर उसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. सहा महिने इथे, सहा महिने फडावर. "मले कोणी इचारलं ना, तुह्यं गाव कोणतं, तं मी म्हनतो, ट्रक," असं ती म्हणायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

त्या वर्षी तुळसाबाईनं 'परतनदी' काढली. लिहिणारीचं नाव शैलजा वाघोळकर. या कादंबरीतली नदी समुद्राकडून डोंगराकडे उलटी वाहते. जगात ज्याचं जे हरवलं ते त्या नदीत तरंगत येतं, आणि भिवरा नावाची नावाडीण ते ज्याचं त्याला पोचवते. भिवराला एकच बंधन. तिनं कुठल्याही काठावर पाय ठेवायचा नाही. ठेवला तर नदी सरळ वाहू लागेल आणि हरवलेलं कोणालाच मिळणार नाही.

रूपलानं भिवरा ऐकली आणि ती तिचीच झाली. सकाळी खुरपं टेकवण्याआधी विचारायची, "भिवरा जेवली काय? काल उपाशी सोडली तुमी तिले."

कादंबरी मात्र ऑगस्टच्या मध्यातच संपली. शेवट असा, की भिवराची नाव धुक्यात शिरते. पुढे काही नाही.

पात थांबली. अकरा खुरपी थांबली.

"मंग?" लिलाबाई म्हणाली.

"मंग काई नाई. संपलं."

"धुक्यात? आन् सोडून देली?" लिलाबाईनं खुरपं जमिनीत खुपसलं. "असं कुठं रायते काय व? आपली बाई धुक्यात गेली तं आपन घरी जाऊन झोपू काय?"

 त्या दुपारी रूपला वेगळी बसली आणि तिनं शिदोरी सोडलीच नाही.

तीन आठवड्यांचं निंदण अजून बाकी होतं. दुसऱ्या दिवशी तुळसाबाई मधल्या तासात बसली, गवताची मूठ उपटली आणि म्हणाली, "तं भिवराची नाव निंगाली धुक्यातून. समोर एक काठ. काठावर एक पोट्टी."

ती पोट्टी होती शेवंती. शेवंती या कादंबरीतली नव्हतीच. ती 'काजळवेल' नावाच्या दुसऱ्याच कादंबरीतली, प्रभा नेरपगार नावाच्या दुसऱ्याच बाईनं लिहिलेली. शेवंतीची आई मरते. आईची काजळाची डबी अंगणात पुरलेली असते, तिथून एक वेल उगवते. वेलीचं पान तोडलं की आईचा एक बोल ऐकू येतो, आणि पान सुकून जातं. बोल एकदाच. शेवंती पानं तोडत जाते, तोडत जाते.

तुळसाबाईनं भिवराची नाव काजळवेलीला बांधली. त्या दिवसापासून दोघी एकाच गोष्टीत नांदू लागल्या. भिवरा काठावर उतरू शकत नाही, शेवंती वेल सोडू शकत नाही, म्हणून दोघी दोरीच्या दोन टोकांना बसून बोलतात. बायका खूश. तुळसाबाई रोज घरी जाऊन 'काजळवेल' उघडायची, उद्याचा भाग वाचायची आणि त्यात भिवराला कुठे बसवायचं ते ठरवायची. हे इतकं अंगवळणी पडलं की पुढे पुढे जोड कुठे आहे ते तिचं तिलाही दिसेना. वाचताना भिवरा पानावर आहेच असं तिला वाटायचं.

वेलीला एक पान उरलं. शेवंतीनं भिवराला सांगितलं, हे पान मी एकटी तोडणार नाही, तू काठावर ये. भिवरा उभी राहिली. एक पाय उचलला. आणि तिथे दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, उरलेल्या शेतात तणनाशक मारलं आहे, बायांची गरज नाही. त्याच्या शेजारच्यानंही फवारलं. त्याच्याही शेजारच्यानं. आठवडाभरात टोळी मोडली. सोंगणीला, म्हणजे पीक कापायलाही, ज्याचं त्यानं मशीन लावलं. अकराजणी पुन्हा एका पातीला बसल्याच नाहीत.

दिवाळी झाल्यावर रूपला तुळसाबाईच्या दारात आली. ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

"मले शेवट सांगा. पाय ठेवला काय तिनं?"

आत देवमनला ताप होता, पाण्याचा टँकर आलेला होता, दारात बायकांची रांग होती. तुळसाबाईनं फळीवरून 'काजळवेल' काढून तिच्या हातात दिली. "घे. सगळं याच्यात हाय. निता वाचून दाखवन तुले."

पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'आई गेल्यावर वाचावे. एकदम नको, रोज थोडे.' निता आठवीत होती. तिनं ते आईला वाचून दाखवलं. रूपलानं पुस्तक पदराला पुसून पिशवीत ठेवलं.

डिसेंबरात, ऐन दुपारी फोन आला. मागे ट्रकची घरघर आणि कोणीतरी मोळ्या मोजत असल्याचा आवाज.

"तुळसाबाई, माह्यी भिवरा कुठं हाय?"

"कोण, रूपला? काय म्हनतं व?"

"निताचं पुस्तक वाचून झालं. दोनदा झालं. याच्यात भिवरा नाई! नाव नाई, नदी नाई. वेल हाय, शेवंती हाय. नावाडीण नाईच!"

तुळसाबाई खाटेवर बसली. तिला एकदम सगळं दिसलं. जोड दिसला.

"म्या इथल्या बायाईले सांगतलं होतं," रूपला थांबेना. "आमच्या कोपीच्या दारापुढं बसवलं सगळ्याईले. म्हनलं आमच्या गावची बाई पुस्तकातलं सांगते, अस्सल. निता वाचाले बसली, आन् मी म्हनून राह्यली, थांबा, आता नाव येते. आता येते. शेवटच्या पानापावतर म्हनत राह्यली. हासल्या न बाया मले! एक तं म्हने, तुह्या गावची बाई गावठी गप्पा मारते आन् पुस्तकाचं नाव सांगते. तुमी मले फसवलं काय?"

"नाई व..."

"मंग पानं फाटली काय? फाटली असन तं सांगा, तसं सांगतो मी याईले."

ही वाट सोपी होती. तुळसाबाईला ती समोर दिसली, चांगली रुंद. मधली पानं फाटली, उंदरानं खाल्ली, कोण विचारायला येणार होतं! रूपलाची मान वर राहिली असती, तुळसाबाईचीही.

"मी तुले दोन दिवसांनी सांगतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चार वाजता ती ग्रंथालयात गेली. मोतीबिंदू काढल्यापासून नानाजींना सगळं जरा जास्तच दिसायचं. त्यांनी तिचं तोंड पाहूनच खुर्ची सरकवली. तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजे दोन बायांच्या पत्रावर तू आपला एकच पत्ता टाकला," नानाजी म्हणाले.

"हासू नका, नानाजी. आता थे माह्यावर इस्वास ठेवन काय? आन् पुस्तकावर तं ठेवनच नाई. थे म्हनन, पुस्तकात काई नसते, बाया तोंडानं बनवतेत."

"पोस्टात चुकीच्या घरी पत्र गेलं तं आमी काय करत होतो, मालूम हाय? परत जात होतो. दार वाजवत होतो. सांगत होतो, बाप्पा, हे तुह्यं नाई, माह्यी चूक झाली." त्यांनी 'परतनदी' कपाटातून काढली. "तांड्यावरचे गोविंदसिंग परवा रूपलाच्याच फडावर चालले, लेकाले भेटाले. त्याईच्यासंगं पाठवून दे. आन् चिठ्ठी लिव."

शाळा सुटल्यापासून तुळसाबाईनं सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. तिनं वहीची दोन पानं फाडली. एक संध्याकाळ आणि एक सकाळ लागली.

'रूपला, भिवरा शैलजा वाघोळकर बाईंची आहे. तिचे पुस्तक पाठवत आहे. धुक्यापर्यंत सगळे त्यांचे. शेवंती आणि काजळवेल प्रभा नेरपगार बाईंची आहे. ते पुस्तक तुझ्याजवळ आहे. दोघींची एकमेकींशी ओळख नाही. नाव वेलीला मी बांधली. लिलाबाई रागावली, तू जेवली नाही, म्हणून बांधली. मग मला वाटायला लागले की ते पुस्तकातच आहे. मी फसवले नाही पण सांगितलेही नाही. पाय ठेवला का ते कोणत्याच पुस्तकात नाही. ते मलाही माहीत नाही. तिथल्या बायांना हे वाचून दाखव. पुस्तके खरी आहेत. चूक माझी आहे.'

लिहून झाल्यावर तिनं 'परतनदी'चं पहिलं पान उघडलं. तिथे रीताबाईनं लिहिलं होतं : 'सारखे गाव बदलावे लागते त्यांनी वाचावे.' ही ओळ तिनं पूर्वी वाचली होती, पण आज तिला कळलं की ती बाईही बदलीवालीच होती. तिलाही कोणी विचारलं असेल, तुमचं गाव कोणतं. तुळसाबाईनं पुस्तक कपाळाला लावलं आणि गोविंदसिंगांच्या पिशवीत घातलं.

महिना गेला, फोन नाही. तुळसाबाई फोन हाताशी घेऊन स्वयंपाक करायची, म्हणजे पिठाच्या डब्यावर ठेवून. देवमन म्हणाला, "त्याले बी कणीक लागली आता, भाजून खा."

मधल्या काळात लिलाबाई ग्रंथालयात यायला लागली. कारण तिला धुक्याबद्दल वाघोळकर बाईंशी भांडायचं होतं, आणि त्या भेटत नव्हत्या तेव्हा निदान पुस्तकाशी तरी. पुस्तक फडावर गेलेलं. मग तुळसाबाईनं तिला 'अमावास्येची सून' दिली. त्यात दर अमावास्येला सासू सुनेच्या वयाची होते आणि सून सासूच्या. लिलाबाईचं आणि तिच्या सुनेचं पटत नव्हतं, हे काही सांगायला नको. चार दिवसांनी लिलाबाई आली ती तणतणतच. "हे पुस्तक तुले मलेच द्याचं होतं काय? सून वाचून राह्यली आता. मले पाहून हासते." पण दुसरं घेऊन गेली. मग सून स्वतः आली. मग आणखी दोघी. तणनाशकानं ज्यांची पात मोडली होती, त्या चार वाजता नानाजींच्या खोलीत यायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या, पुन्हा एका ओळीत. तुळसाबाई नुसतं नाव नाही, लिहिणारीचं नावही सांगायची. आता ती ते विसरत नसे. "हे घे, पण लिवणारीचं नाव घेऊन उघडजा. तिनं दिलं हाय, म्या नाई."

तिनं एक शिसपेन्सिलही आणली. रीताबाईच्या ओळीखाली, थोडी जागा सोडून, ती आपली ओळ लिहू लागली. 'सुनेला आधी वाचू द्यावे.' 'सोंगणीच्या दिवसांत घेऊ नये, हात थांबतो.'

होळीनंतर रूपला परत आली. ट्रकमधून उतरली ती आधी तांड्यावर गेली नाही. दोन्ही पुस्तकं घेऊन सरळ तुळसाबाईच्या दारात उभी राहिली. चेहरा उन्हानं रापलेला, बोटांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या रेघा. पुस्तकांना मात्र सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर.

तुळसाबाई दारातून बाजूला सरली. "फोन नाई केला," ती म्हणाली.

"फोन फुटला. ट्रकखाली." रूपला आत येऊन बसली. "चिठ्ठी वाचून दाखवली सगळ्याईले. निता वाचे, मी आयके. मले वाटलं आता तं अजून हासतीन. तं थे मले बोलनारी बाई काय म्हने मालूम हाय? म्हने, ज्या बाईले आपली चूक दोन पानं भरून लिवता येते, तिचं पुस्तक आनखी वाच."

"आन् तू?"

"मले राग होता. पंधरा दिवस होता." रूपला थोडी हसली. "मंग 'परतनदी' वाचली नितानं. तुमी सांगतली त्याच्याहून चांगली हाय, सांगून ठेवतो. तुमी घाई करता."

तुळसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. 

"आन् पाय?" तिनं विचारलं. आता विचारणारी ती होती.

"बाया सोडत नव्हत्या मले. रोज इचारत, ठेवला काय, ठेवला काय. मंग म्याच सांगून टाकलं." रूपला उठली. "तुमाले आता नाई सांगत. निंदाले बसू तवा सांगतो. मले बी मालूम पडू द्या, आयकनाऱ्याले बसवून ठेवून कसं वाटते."

त्या जुलैत हळदवाल्या एका शेतकऱ्यानं हातानं निंदून घ्यायचं ठरवलं. आठजणी जमल्या. तुळसाबाई सवयीनं मधल्या तासाकडे निघाली, तर रूपला आधीच तिथे बसलेली. तुळसाबाई मुकाट्यानं कडेच्या तासाला गेली. पातीत पहिल्यांदा ती दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकायला बसत होती.

रूपलानं गवताची पहिली मूठ उपटली. "नदी आन् भिवरा, शैलजा वाघोळकर बाईची. वेल आन् शेवंती, प्रभा नेरपगार बाईची. त्याईनं दिलं म्हनून आपल्याले भेटलं. पुस्तक देल्लं रेल्वेवाल्या रीताबाईनं. मधली गाठ आमच्या तुळसाबाईची, सुटली तं तिले धरजा."

"चाल, पुढं सांग," लिलाबाई म्हणाली.

"तं भिवरानं पाय उचलला. आन् शेवंती म्हने, थांब. तू नको येऊ. मीच येतो. वेल हातात धरून, पान न तोडता, थे नावेत चढली. नावेच्या मधात बसून दोघीनं मिळून पान तोडलं. आईचा शेवटचा बोल आला. हे प्रभाबाईनंच लिवलं हाय, याच्यात म्या हात नाई लावला. आई म्हने, जेवली काय?"

 फक्त खुरप्यांचा आवाज.

"मंग दोघीनं शिदोरी सोडली," रूपला म्हणाली. "नावेतच. नदीनं वाट पाह्यली तवापावतर."

कडेच्या तासात तुळसाबाईचे डोळे भरले होते आणि तिला गवत दिसत नव्हतं, हळदीचे कोंब दिसत नव्हते. ती मागे राहिली. वाक्य संपता संपता आवाज दूर जाऊ लागला. तेवढ्यात तिच्या तासात शेजारून एक हात आला आणि भराभर गवत उपटू लागला. लिलाबाई होती.

"चाल व माय," ती म्हणाली. "तू कुठं राह्यली?"